कल्पनेची चतुःसीमा

जमिनीचे खरेदीखत हाती आले की अनुभवी माणसाची नजर प्रथम किमतीवर जात नाही, चतुःसीमेवर जाते. पूर्वेस कोणाचा बांध, पश्चिमेस कोणती वाट, उत्तरेस ओढा की पाट, दक्षिणेस कोणाचे शेत, एवढे चोख लिहिलेले असेल तर शेत घेणाऱ्याचे. तसे नसेल तर पूर्ण पैसे मोजूनही पुढच्या पिढीच्या वाट्याला कोर्टाच्या पायऱ्या येतात. व्यापारी घरांत हे शहाणपण पिढ्यान्पिढ्या मुरलेले आहे. परंतु नवे यंत्र, नवे रसायन, नवी प्रक्रिया अशी बुद्धीतून निघालेली मिळकत असली की तीच घरे पुष्कळदा चतुःसीमा न लिहिताच व्यवहार करून मोकळी होतात.

अशा मिळकतीचे खरेदीखत म्हणजे पेटंट. शासकीय मराठीत त्याला ‘एकस्व’ म्हणतात. संशोधकाने आपली कृती जगासमोर संपूर्ण उघड करावयाची आणि त्या बदल्यात शासनाने ठरावीक वर्षांपर्यंत इतरांना ती वापरण्यास मनाई करण्याचा हक्क त्याला द्यावयाचा, असा हा करार असतो. या दस्ताच्या शेवटी क्रमांक घालून ‘दावे’ लिहिलेले असतात. ते दावे हीच त्याची चतुःसीमा. मोठ्या कंपन्या पेटंटांतून संपत्ती निर्माण करतात ती केवळ हुशार संशोधकांच्या बळावर नव्हे. संशोधकाच्या शेजारी कोण बसतो, दावे कोण व केव्हा लिहितो, जुनी पेटंटे कोण मोजतो आणि निरुपयोगी कोण सोडून देतो, या व्यवस्थेवर ती संपत्ती उभी असते.

ही व्यवस्था पाहावयाची तर एका शब्दाचा माग काढणे पुरेसे आहे. तहसील कचेरीबाहेर, महाविद्यालयाच्या फाटकासमोर, बाजारपेठेच्या तोंडाशी, महाराष्ट्रातील लहानमोठ्या गावांत एक पाटी हमखास दिसते : ‘झेरॉक्स’. मराठी माणूस प्रत काढतो असे म्हणत नाही, झेरॉक्स काढतो असे म्हणतो. एका अमेरिकन कंपनीचे नाव सामान्य नाम होऊन भाषेत मिसळून गेले. त्या नावामागे पेटंटांची जी भिंत उभी होती, ती कशी बांधली गेली आणि कशी भेदली गेली, याची हकिगत प्रत्येक उद्योगी कुटुंबाने जाणून घ्यावी अशी आहे.

पेटंट खात्यातील कारकून

चेस्टर कार्लसन यांचा जन्म १९०६ मध्ये अमेरिकेतील सिएटल येथे एका न्हाव्याच्या घरी झाला. वडील संधिवाताने व क्षयाने जर्जर झालेले होते, त्यामुळे मुलगा अगदी लहान वयापासून मिळेल ते काम करून घराला हातभार लावी. सतराव्या वर्षी आई गेली. अशा स्थितीत त्यांनी १९३० मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून भौतिकशास्त्राची पदवी मिळविली. तो काळ महामंदीचा होता. अनेक ठिकाणी अर्ज केल्यावर बेल लॅबोरेटरीजमध्ये नोकरी लागली. तेथे ते पुढे पेटंट खात्यात आले. मंदीने तीही नोकरी गेली आणि काही काळाने ते न्यूयॉर्कमधील पी. आर. मॅलरी या विद्युतसामग्रीच्या कंपनीत, पुन्हा पेटंट खात्यातच, रुजू झाले. दिवसा नोकरी करून रात्री ते कायद्याच्या महाविद्यालयात शिकत.

पेटंट खात्याचे काम म्हणजे कागदांचे काम. वर्णनपत्रे आणि आकृत्या यांच्या प्रती सतत लागत. कार्बन ठेवून टंकन करणे किंवा छायाचित्र काढून प्रत करविणे हे दोनच मार्ग होते. पहिला वेळखाऊ, दुसरा महागडा. शिवाय कायद्याची पुस्तके विकत घेण्याची ऐपत नसल्याने कार्लसन ग्रंथालयात बसून पानेच्या पाने हाताने उतरवून घेत. संधिवाताने आता त्यांनाही ग्रासले होते. कागदाची प्रत एका कळीसरशी निघावी, ही कल्पना त्या दुखऱ्या बोटांतून जन्मास आली.

त्यांनी घरच्या स्वयंपाकघरात प्रयोग सुरू केले. वितळविलेल्या गंधकाचा वास इमारतीभर पसरे. पुढे त्यांनी अ‍ॅस्टोरिया भागात एक खोली भाड्याने घेतली आणि ऑस्ट्रियातून आलेले ओटो कोर्नेई यांना मदतीस ठेवले. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर देऊन तो हातरुमालाने घासून भारित केला गेला. तारीख व स्थळ लिहिलेली काचपट्टी त्यावर ठेवून काही क्षण प्रखर प्रकाश टाकला, मग लायकोपोडियमची भुकटी शिंपडली आणि हलकेच फुंकर मारली. अक्षरे पत्र्यावर उरली. मेणकागदावर ती उचलून घेताच जगातील पहिली कोरडी प्रत तयार झाली.

कार्लसन पेटंट खात्यातील मनुष्य असल्याने त्यांनी येथे एक गोष्ट केली, जी बहुतेक संशोधक करीत नाहीत. चांगले यंत्र तयार होईपर्यंत ते थांबले नाहीत. अ‍ॅस्टोरियातील प्रयोगापूर्वीच त्यांनी पहिला अर्ज तयार केला होता आणि १९३९ मध्ये मुख्य अर्ज दाखल केला. दावे त्यांनी गंधकापुरते वा जस्ताच्या पत्र्यापुरते मर्यादित ठेवले नाहीत. प्रकाश पडताच वीज वाहू देणारा आणि अंधारात ती अडवून धरणारा थर भारित करावयाचा, त्यावर प्रतिमेचा प्रकाश टाकावयाचा आणि भुकटीने ती प्रतिमा दृश्य करावयाची, या मूळ तत्त्वाभोवतीच त्यांनी कुंपण घातले. उद्या कोणी गंधकाऐवजी दुसरा पदार्थ वापरला तरी तो कुंपणाच्या आतच सापडावा, हा त्यामागील विचार. ६ ऑक्टोबर १९४२ रोजी हे पेटंट मंजूर झाले.

दस्त पक्का होता, पण गिऱ्हाईक नव्हते. वीसहून अधिक कंपन्यांनी कार्लसन यांना परत पाठविले. त्यांत त्या काळच्या नामांकित कंपन्याही होत्या. कोर्नेई तर वर्षभरातच चांगली नोकरी मिळताच निघून गेले आणि भावी उत्पन्नातील त्यांच्या हिश्शाचा करारही उभयतांच्या संमतीने संपला. पेटंट हे केवळ मनाई करण्याचा हक्क देते, पैसा देत नाही. पैसा मिळावयाचा तर त्याभोवती संघटना लागते, हे पहिले कटू सत्य येथे दिसते.

मुदत संपता संपता आलेले यंत्र

१९४४ मध्ये ओहायो राज्यातील कोलंबस येथील बॅटेल या ना-नफा संशोधन संस्थेने हा शोध विकसित करण्याचे मान्य केले. पुढे रॉचेस्टर येथील हॅलॉइड या छायाचित्रकागद तयार करणाऱ्या लहान कंपनीच्या संशोधनप्रमुखांच्या, जॉन डेसॉअर यांच्या, वाचनात या शोधाचा एक संक्षिप्त गोषवारा आला. त्याच गावात कोडॅकसारखी बलाढ्य कंपनी होती. तिच्या सावलीत हॅलॉइडला आपल्या धंद्याचे भवितव्य अंधुक दिसत होते. कंपनीचे तरुण प्रमुख जोसेफ विल्सन यांनी कोलंबसला जाऊन प्रयोग पाहिला आणि १९४७ च्या आरंभी परवाना घेतला. या प्रक्रियेला ‘झेरोग्राफी’, म्हणजे ग्रीक शब्दांवरून ‘कोरडे लेखन’, असे नाव मिळाले. पहिल्या प्रयोगाला बरोबर १० वर्षे झाली त्या दिवशी, २२ ऑक्टोबर १९४८ रोजी, ती जाहीरपणे दाखविण्यात आली.

परंतु दुकानात ठेवता येईल असे यंत्र तयार होण्यास आणखी ११ वर्षे लागली. १६ सप्टेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये ‘९१४’ हे यंत्र लोकांसमोर आले. ९ इंच रुंद व १४ इंच लांब कागदाची प्रत काढणारे म्हणून ९१४. वजन सुमारे ६४८ पौंड, म्हणजे जवळजवळ ३ क्विंटल. ते तयार करण्यासाठी कंपनीने सुमारे सव्वा कोट डॉलर ओतले होते, म्हणजे त्या दशकात मिळविलेल्या नफ्याहूनही अधिक. हे यंत्र ९५ डॉलर मासिक भाड्याने दिले जाई. त्यात पहिल्या २,००० प्रती मोफत असत, पुढे प्रत्येक प्रतीस काही सेंट.

आता व्यापाऱ्याने बोटांवर हिशेब करावा. त्या काळी अमेरिकेत पेटंटची मुदत मंजुरीपासून १७ वर्षे असे. १९४२ च्या ऑक्टोबरात मंजूर झालेले कार्लसन यांचे मूळ पेटंट १९५९ च्या ऑक्टोबरात संपले. म्हणजे यंत्र बाजारात दाखविल्यापासून ३ आठवड्यांच्या आत! कंपनीने सर्वस्व पणाला लावून यंत्र तयार केले आणि ज्या दस्तावर विसंबून ते केले तो दस्तच कालबाह्य झाला. कंपनीपाशी तेवढे एकच पेटंट असते तर दुसऱ्याच दिवशी बलाढ्य प्रतिस्पर्धी तेच यंत्र घेऊन बाजारात उतरले असते.

तसे घडले नाही, कारण मधल्या वर्षांत बॅटेल व हॅलॉइड यांनी केवळ यंत्र बांधले नव्हते. सुधारणेच्या प्रत्येक पायरीवर त्यांनी नवी चतुःसीमा लिहून ठेवली होती. गंधकाच्या जागी सेलेनियमचा थर कितीतरी अधिक प्रकाशसंवेदी ठरतो, हे बॅटेलमध्ये विल्यम बिक्सबी यांना आढळले आणि त्याचे पेटंट झाले. हातरुमालाने घासण्याऐवजी उच्च दाबाच्या तारेने पृष्ठभाग सारखा भारित करण्याची रीत निघाली, तिचे पेटंट झाले. नुसत्या भुकटीऐवजी बारीक मण्यांबरोबर टोनर फिरविला की प्रतिमा स्वच्छ उठते, त्याचेही पेटंट झाले. ही पेटंटे १९५० च्या दशकात व त्यानंतर मंजूर होत गेल्याने त्यांतील महत्त्वाच्या पेटंटांची मुदत १९७० च्या दशकात जाऊन पोहोचत होती. १९५६ मध्ये हॅलॉइडने बॅटेलकडून या साऱ्या पेटंटांची मालकीच आपल्या समभागांच्या बदल्यात घेतली आणि परवानाधारकाची मालक झाली. या वाटाघाटींत सोल लिनोविट्झ हे कायदेतज्ज्ञ विल्सन यांच्यासोबत पहिल्यापासून होते. तेच पुढे कंपनीच्या अध्यक्षपदापर्यंत पोहोचले.

मूळ कल्पना ही विहीर असेल तर सुधारणांची पेटंटे म्हणजे विहिरीभोवतीची वाट, मोट आणि पाट होत. विहीर सर्वांना खुली झाली तरी पाणी शेतापर्यंत नेण्याची वाट मालकाच्याच ताब्यात राहते. १९५९ मध्ये सुमारे ३ कोटी डॉलरची विक्री असलेली ही कंपनी १९६१ मध्ये ‘झेरॉक्स कॉर्पोरेशन’ झाली आणि ते दशक संपण्यापूर्वी तिची वार्षिक विक्री १०० कोटी डॉलरच्या पुढे गेली.

भिंतीपलीकडचे वाचक

भिंत कितीही उंच असली तरी तिचे सर्व आराखडे जाहीर असतात. पेटंटचा करारच तसा आहे, कारण हक्काच्या बदल्यात कृती उघड करावी लागते. ही गोष्ट जपानमधील कॅनन या कॅमेरा तयार करणाऱ्या कंपनीने ओळखली. १९६० च्या दशकाच्या आरंभी तिने कार्यालयीन यंत्रांच्या धंद्यात उतरण्याचे ठरविले. साध्या कागदावर प्रत काढणारे यंत्र करावयाचे, पण झेरॉक्सचे एकही पेटंट न ओलांडता, हे ध्येय होते. बाजारातील जाणकारांना ते अशक्य वाटे.

कॅननने केलेली व्यवस्था पाहण्यासारखी आहे. हिरोशी तानाका यांच्यासारखे तंत्रज्ञ प्रयोग करीत असता गिइची मारुशिमा हे पेटंट विभागातील तरुण अधिकारी झेरॉक्सची पेटंटे एकेक करून वाचीत होते. वाचण्याचा हेतू नक्कल करण्याचा नव्हता. बांध नेमका कोठपर्यंत येतो आणि कोणती जमीन मोकळी राहिली आहे, हे शोधण्याचा होता. तंत्रज्ञाने एक मार्ग सुचवावा, पेटंटतज्ज्ञाने हा अमुक दाव्यात अडकतो असे सांगावे, मग तंत्रज्ञाने दुसरा मार्ग शोधावा, अशी ही जुगलबंदी वर्षानुवर्षे चालली. नेहमीच्या कारखान्यात पेटंटचा माणूस सर्वांत शेवटी, यंत्र तयार झाल्यावर बोलावला जातो. येथे तो पहिल्या दिवसापासून प्रयोगशाळेच्या टेबलाशी होता.

फळ १९६८ मध्ये दिसले. कॅननने ‘एनपी’, म्हणजे नवी प्रक्रिया, जाहीर केली. झेरॉक्सच्या सेलेनियमऐवजी तिने कॅडमियम सल्फाइडचा थर घेतला, त्यावर पारदर्शक निरोधक आवरण चढविले आणि भारित करण्याचा व प्रकाश टाकण्याचा क्रमच बदलून टाकला. १९७० मध्ये ‘एनपी-११००’ हे यंत्र बाजारात आले. जपानमध्ये स्वदेशी तंत्राने तयार झालेले साध्या कागदाचे ते पहिले कॉपीयंत्र होय. विशेष हे की कॅननने केवळ मोकळी जमीन शोधून तेथे घर बांधले नाही, तर त्या जमिनीभोवतीही आपल्या पेटंटांचे कुंपण घातले.

हा धडा कंपनी विसरली नाही. १९८२ मध्ये तिने लहान दुकानांसाठी व घरगुती वापरासाठी यंत्रे आणली. यंत्रातील जे भाग वारंवार बिघडतात तो ड्रम, टोनर व सफाईची पाती एकाच डबीत घालावयाची आणि ती डबी गिऱ्हाइकानेच बदलावयाची, ही त्यामागील युक्ती होती. दुरुस्ती कामगाराची गरजच उरली नाही. ही बदलती कार्ट्रिज पुढे लेझर प्रिंटरमध्येही आली. आज कोणत्याही पेढीवर बिल छापणारे यंत्र पाहावे, यंत्रापेक्षा कार्ट्रिजचा खर्चच मालकाच्या अधिक लक्षात राहतो. कंपनीने आपले पेटंटबळ नेमक्या त्या जागी एकवटले जेथे गिऱ्हाईक पुन्हापुन्हा येणार होते. कोणती चतुःसीमा जपावयाची, हा निर्णय तंत्रज्ञानाइतकाच धंद्याचाही असतो, हे यावरून कळते. अमेरिकेत दरवर्षी सर्वाधिक पेटंटे मिळविणाऱ्या कंपन्यांत कॅनन कित्येक दशके अग्रभागी राहिली आहे. शोधनिबंधांपेक्षा पेटंटांची वर्णनपत्रे वाचा, असा आग्रह तेथील तंत्रज्ञांकडे धरला जाई.

भिंतीचे ओझे

झेरॉक्सच्या वाट्याला मात्र भिंतीचे ओझेही आले. एवढी पेटंटे एका हाती एकवटल्याने स्पर्धा खुंटते, अशी तक्रार अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७३ मध्ये मांडली. १९७५ मध्ये समझोता झाला. त्यानुसार कंपनीला आपली सुमारे १,७०० पेटंटे प्रतिस्पर्ध्यांना नाममात्र मोबदल्यात वापरू द्यावी लागली. त्यानंतर अमेरिकेच्या बाजारात जपानी कंपन्यांची लहान व स्वस्त यंत्रे वेगाने शिरली. पुढे एका खाजगी दाव्यात, १९८१ मध्ये, अपील न्यायालयाने असे म्हटले की बाजारपेठच अस्तित्वात नव्हती त्या काळी ही पेटंटे विकत घेण्यात काही गैर नव्हते. कायदेशीर दोषातून कंपनी सुटली. पण भिंतीच्या आड बसलेल्या माणसाला लहान गिऱ्हाईक दिसेनासे होते, हा व्यापारातील दोष न्यायालयाला दूर करता येत नाही. पेटंट काही वर्षे उसंत देते. त्या उसंतीत पुढचे यंत्र तयार करावयाचे असते.

गोदामाची मोजदाद

पेटंटे मिळविणे हे अर्धे काम आहे. उरलेले अर्धे काम मुनिमाचे आहे. प्रत्येक देशात पेटंट जिवंत ठेवण्यासाठी ठरावीक काळाने शुल्क भरावे लागते, अन्यथा ते लयास जाते. अमेरिकेतील डाऊ केमिकल या कंपनीकडे १९९० च्या दशकाच्या आरंभी सुमारे २९,००० पेटंटे होती आणि त्यांतील कोणती कोणत्या धंद्याच्या उपयोगाची, हे कोणालाही एकत्रितपणे सांगता येत नव्हते. गॉर्डन पेट्राश यांच्याकडे ही मोजदाद सोपविण्यात आली. प्रत्येक पेटंट कंपनीच्या एखाद्या व्यवसायविभागाच्या नावे खतावले गेले आणि त्या विभागाला विचारण्यात आले : हे आज वापरात आहे काय, पुढे लागणार आहे काय, की दुसऱ्याला परवान्यावर देता येईल? ज्यांना कोणीच आपले म्हटले नाही ती सोडून देण्यात आली वा दान केली गेली. केवळ शुल्कातच कंपनीचे सुमारे ४ कोटी डॉलर वाचणार होते. दिवाळीपूर्वी गोदाम उपसून न खपणारा माल वेगळा काढणाऱ्या दुकानदाराला यात नवे काही वाटणार नाही. नवे एवढेच की ही शिस्त कागदावरील अदृश्य मालालाही लावली गेली.

चांगली पेटंटव्यवस्था असलेल्या बहुतेक कंपन्यांत आज हीच घडी दिसते. कामगार किंवा तंत्रज्ञ काही नवे करतो तेव्हा तो एक साधा नमुना भरून देतो : अडचण कोणती होती, जुना उपाय कोणता, नवा कोणता, तारीख काय. ठरावीक दिवशी तंत्रज्ञ, विक्रीप्रमुख आणि पेटंटतज्ज्ञ एकत्र बसून तो नमुना वाचतात. पेटंट घ्यावयाचे, गुपित ठेवावयाचे, की काहीच करावयाचे नाही, हे तिघे मिळून ठरवितात. जी कृती तयार वस्तू उघडून पाहिली तरी कळत नाही ती गुपित ठेवणे पुष्कळदा श्रेयस्कर, आणि जी बाजारात येताच उघड होते तिला पेटंटच हवे. विक्रीप्रमुखाचे त्या बैठकीत काय काम, असा प्रश्न पडू शकतो. प्रतिस्पर्धी कोणत्या बाजूने येईल आणि गिऱ्हाईक नेमके कशाचे पैसे देते, हे त्याच्याइतके प्रयोगशाळेत कोणालाच ठाऊक नसते.

लहान कारखान्याची वही

एवढा पसारा आपल्या आवाक्याबाहेरचा, असे औद्योगिक वसाहतीतील एखाद्या लहान कारखानदाराला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु भारतीय कायद्याने लहानांना बरीच सवलत ठेवली आहे. सध्याच्या नियमांनुसार व्यक्ती, स्टार्टअप व लघुउद्योग यांना ऑनलाइन अर्जासाठी १,६०० रुपये शुल्क पडते. मोठ्या कंपनीला तेच ८,००० रुपये आहे. कृती पूर्ण पक्की झाली नसेल तर तात्पुरते वर्णनपत्र देऊन तारीख धरता येते आणि १२ महिन्यांच्या आत पूर्ण वर्णनपत्र देता येते. मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे. तिसऱ्या वर्षापासून वार्षिक शुल्क सुरू होते. लघुउद्योगाला ते आरंभी ८०० रुपये आणि अखेरच्या वर्षांत ८,००० रुपये पडते. पूर्ण २० वर्षांचे हे शुल्क मिळून ७७ हजार रुपयांच्या आत बसते. पेटंट एजंटचा मोबदला वेगळा. तो येथे कंजूषीने देऊ नये, कारण चतुःसीमा तोच लिहिणार असतो.

तीन गोष्टी मात्र घरातील कर्त्या माणसाने स्वतः पाहावयाच्या. पहिली, अर्जाची तारीख पडण्यापूर्वी नवी वस्तू प्रदर्शनात मांडू नये, गिऱ्हाइकाला विकू नये, तिची चित्रफीत मोबाइलवर फिरवू नये. कायद्यातील अपवाद फार थोडे आहेत आणि एकदा उघड झालेले नावीन्य परत मिळत नाही. दुसरी, सर्वच गोष्टींना पेटंट मिळत नाही. नुसती व्यापाराची पद्धत किंवा परंपरेने चालत आलेले ज्ञान भारतात पेटंटयोग्य नाही, तेव्हा त्यावर खर्च करू नये. तिसरी, ज्याच्या हातून सुधारणा घडली त्या कारागिराशी हक्काचा लेखी करार आधीच करावा आणि संशोधक म्हणून त्याचे नाव अर्जात लिहावे. मिस्तरीने सुचविले आणि मालकाच्या मुलाच्या नावावर लागले, अशा घटनांतून कारखान्यात पुढची कल्पना कोणी बोलून दाखवीत नाही. हे नुकसान कोणत्याही शुल्कापेक्षा मोठे असते.

या शेवटच्या गोष्टीबाबत पुन्हा कार्लसन यांच्याकडे वळावे लागते. ओटो कोर्नेई स्वेच्छेने गेले होते, करार संपला होता आणि त्यांना देणे असे कागदावर काहीही उरले नव्हते. तरीही यश मिळाल्यावर कार्लसन यांनी त्यांना झेरॉक्सचे १०० समभाग पाठविले. अंधाऱ्या खोलीत काचेवर तारीख लिहिणारा हात त्यांच्या हिशेबात अजून जमेच्या बाजूला होता. स्वतःला मिळालेल्या संपत्तीपैकी सुमारे १० कोटी डॉलर त्यांनी शिक्षण, जागतिक शांतता व वर्णभेदनिवारण यांसाठी वाटून टाकले, तेही बहुतेक वेळा आपले नाव कोठेही लागणार नाही अशा अटीवर. १९ सप्टेंबर १९६८ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या यंत्राचे नाव जगभर झाले होते, त्यांचे स्वतःचे मात्र फारच थोड्यांना ठाऊक होते.

ज्याने कल्पनेची चतुःसीमा इतक्या काटेकोरपणे लिहिली, त्याने दानाला मात्र सीमा घातली नाही. हक्क लिहून ठेवण्यात संकोच नसावा, कारण न लिहिलेला हक्क भांडणाला जन्म देतो. पण दस्त पूर्ण झाल्यावर त्याच्या उत्पन्नात कोणाकोणाचा वाटा आहे, हे पाहण्यासाठी कायद्याची वाट पाहावी लागू नये. नव्या वर्षाची वही उघडताना तिच्यात एक पान आणखी ठेवावे. यंदा कारखान्यात कोणी काय नवे केले, कोणत्या तारखेस केले आणि त्याचे नाव काय, एवढे त्यावर लिहावे. चतुःसीमा आखण्यास तेथूनच आरंभ होतो.